एकविशी ओलांडलेल्या मुलामुलींचा आरोग्य विमा

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांच्या शिक्षणाचा खर्च आपण सगळेच हिशेबात धरतो. फी, पुस्तके, वसतिगृह, एस.टी.चा पास, यांतला एकेक आकडा घरातल्या आईला तोंडपाठ असतो. पण मुलगा इस्पितळात पडला तर बिल कोण भरणार, हा प्रश्न त्याला मिसरूड फुटले की आपण विचारायचे सोडून देतो. तरण्याताठ्या पोराला काय होते, असा आपला समज. मोटारसायकलचे अपघात, डेंग्यू, अपेंडिक्सचे ऑपरेशन, पहिले बाळंतपण, हे सारे बहुधा याच वयात येते. बाळंतपण हे काही दुखणे नव्हे, पण बिलाच्या दृष्टीने फरक नसतो.

आणि नेमके याच वयात सरकारी नियम मुलाचा हात सोडतात. कसे ते सांगतो.

आपल्यातील पुष्कळ पालक कारखान्यांत आहेत. त्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी कापली जाते. 2019 च्या जुलैपासून कामगाराचा वाटा शेकडा पाऊण रुपया आणि मालकाचा सव्वातीन रुपये. एवढ्यात घरातल्या माणसांचा औषधोपचार होतो. सौदा स्वस्तच म्हणायचा. पण घरातली माणसे कोण, हे कायदा ठरवतो. शिकणारा, बापाच्या कमाईवर अवलंबून असलेला मुलगा 21 वर्षे पूर्ण होईपर्यंतच त्यात बसतो. अविवाहित मुलीला वयाची ही अट नाही.

आता समजा, एका मुलाने आय.टी.आय.मधून फिटरचा कोर्स केला आणि अप्रेंटिस म्हणून एका कारखान्यात लागला. वय 21 च्या पुढे गेले. बापाच्या ई.एस.आय.मधून तो बाहेर पडला. मग तो स्वतः कामगार म्हणून आत येतो का? येत नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकणारा उमेदवार ई.एस.आय.च्या 'कामगार' या व्याख्येतून वगळलेला आहे. यंत्रात बोट गेले तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, ते ठीक; पण डेंग्यू झाला तर त्याला ना बापाचे कार्ड चालते ना स्वतःचे. ज्या वयात मुलाने हातात पाना धरावा असे सरकार सांगते, त्याच वयात ही फट ठेवावी, याला धोरण म्हणावे असे मला वाटत नाही.

पगाराच्या मर्यादेचेही असेच. 2017 च्या जानेवारीत ती महिना 21,000 रुपये झाली आणि पुढे कितीतरी वर्षे तिथेच राहिली. बापाला बढती मिळून पगार मर्यादेपलीकडे गेला, की काही महिन्यांत सबंध घर योजनेबाहेर. घरात पेढे वाटले जातात आणि कार्ड बंद होते! यंत्रमागाच्या लहान शेडमध्ये, जिथे दहा माणसेही नाहीत, तिथल्या कामगाराला तर ही योजना सहसा लागूच होत नाही. भिवंडी-मालेगावच्या मंडळींना हे सांगायला नको.

अमेरिकेतही असाच प्रश्न उभा राहिला होता. तिथे औषधपाणी फार महाग, आणि आईबापांच्या विम्यातून मुले एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात असली तर आणखी थोड्या वर्षांनी, गळत असत. 2010 साली ओबामा यांच्या कारकिर्दीत कायदा झाला, की आईबापांच्या विम्यात मुलांना सामावून घेतले जात असेल तर वयाची 26 वर्षे होईपर्यंत त्यांना काढता येणार नाही. मुलगा शिकतो की नाही, त्याचे लग्न झाले की नाही, तो वेगळा राहतो का, यांपैकी काही पाहायचे नाही. तरुणांतील विमा नसलेल्यांचे प्रमाण लवकरच खाली आले. यातला एक दोष मात्र झाकून चालणार नाही. ज्याच्या बापाकडेच विमा नाही त्या पोराला अशा सवलतीचा काय उपयोग?

म्हणून मला आपल्याकडची दुसरी वाट अधिक बरी वाटते. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत वर्षाला 30,000 रुपयांचे संरक्षण होते आणि घरातली पाचच माणसे बसत. सातजणांच्या घरात कोणाला वगळायचे ते घरानेच ठरवायचे. 2018 साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेत माणसांच्या संख्येची व वयाची अट काढली गेली आणि संरक्षण पाच लाखांचे झाले. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना 2024 च्या जुलैपासून सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. ठरलेल्या यादीतले आजार, यादीतलीच रुग्णालये आणि तेही दाखल झाल्यावर, एवढी मर्यादा तिला आहे. बाहेरून आणायच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत.

तरीही फट राहतेच, आणि ती बहुधा कागदाची असते. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी होते आणि सासरच्या कार्डात चढायला वर्ष-दोन वर्षे लागतात. पहिले बाळंतपण नेमके त्या काळात येते. जावयाच्या घरच्यांना हे आठवण करून देण्यात कसला संकोच? मुलगा कामासाठी सुरतेला किंवा बंगळूरला गेला तर आणखी एक गोष्ट. केंद्राच्या यादीत असलेल्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड इतर राज्यांतही चालते. निव्वळ राज्याच्या योजनेत असलेल्यांना तो लाभ नाही. आपले घर कोणत्या यादीत आहे ते मुलगा गाडीत बसण्यापूर्वी पाहावे.

ज्यांनी खासगी कंपनीची सबंध घराची पॉलिसी घेतली आहे त्यांनी मुलाच्या पंचविसाव्या वाढदिवसाकडे लक्ष ठेवावे, कारण बऱ्याच पॉलिसींत मुले त्या सुमारास वगळली जातात. पॉलिसी संपण्याआधी मुलाला त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत नेले, तर जुन्या आजारांसाठी थांबलेली वर्षे फुकट जात नाहीत. नव्याने घेतली, तर तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

सरकारकडे आपण मागणी करावी ती ही, की ई.एस.आय.मधील 21 ची मर्यादा निदान 25 करा आणि अप्रेंटिसांना आत घ्या. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी जी आरोग्य योजना आहे तिच्यात मुलगा 25 पर्यंत, कमावता किंवा विवाहित होईतो, बसतो. मग कामगाराच्या मुलाला चार वर्षे कमी का?

संस्थेच्या चालकांना मात्र त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागणार नाही. बारावीचा दाखला देताना कार्यालयाने विद्यार्थ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: घरच्या रेशनकार्डात तुझे नाव आहे का, आणि आयुष्मान कार्ड काढले आहे का? नसेल तर अर्ज तिथेच भरून घ्यावा. एक कारकून आणि जूनमधले दोन आठवडे एवढ्यात हे काम होईल.