धाडसाला सरावाची जोड हवी

(कुंडलिका नदीकाठी भरलेल्या युवक साहस शिबिराच्या समारोपात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गेले दोन दिवस आपण कुंडलिकेच्या फेसाळत्या पाण्यात वल्ही मारलीत. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथे वीज निर्माण करून या नदीत उतरते. म्हणूनच पावसाळा सरल्यावरही, सकाळी पाणी सुटले की कोलाड परिसरात राफ्ट धावू लागतात. या क्रीडेचा आनंद आपण अनुभवलाच आहे. मला बोलायचे आहे ते तिच्यातून हाती येणाऱ्या एका विद्येविषयी. ती विद्या म्हणजे बुडणाऱ्याचे प्राण वाचविणे.

कोणी वाहून जाताना दिसले की पोहता येणारा तरुण मागचापुढचा विचार न करता उडी घेतो. त्याच्या धाडसाला माझे वंदन! परंतु एकाला वाचविताना दुसराही गेला, ही बातमी पत्रकार म्हणून मला अनेकदा लिहावी लागली आहे. विहिरीत पोहणे निराळे आणि वाहत्या पाण्याशी झुंजणे निराळे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. खडकाच्या फटीत पाय अडकला, तर तो रेटा माणसाला आडवा पाडून पाण्याखाली दाबून धरतो. म्हणून वेगवान पाण्यात उभे राहू नये. उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने व पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवून काठ गाठावा.

बचावालाही क्रम आहे. प्रथम काठावरून हाक द्यावी, बांबू पुढे करावा. तो पुरला नाही तर दोरी फेकावी, त्यानंतर नौका. स्वतः पाण्यात उतरणे हा अखेरचा उपाय, तोही प्रशिक्षितानेच करावयाचा. दोरी फेकणाऱ्याने ती स्वतःच्या अंगाला बांधू नये; धरणाऱ्याने ती हाताला गुंडाळू नये.

आपल्या गावोगावचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आठवा. त्यांवरून पाणी वाहू लागले की पायथ्याशी ते उलटे फिरते आणि सापडलेल्या माणसाला पुनःपुन्हा भिंतीकडे ओढते. वरून शांत दिसणारी ही जागा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही.

8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. संकटाच्या घटकेला ‘आता आणखी कोणी नको’ असे ठामपणे सांगणे, हेही बचावकार्यच आहे. ते धैर्य आयत्या वेळी येत नाही. ते सरावातूनच अंगी बाणते.

2006 मध्ये उभे राहिलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आपल्या मदतीला धावून येते. त्याची एक तुकडी पुण्याजवळ तैनात असते. पण वाहून जाणाऱ्या माणसाच्या हाती काही मिनिटेच असतात आणि त्या वेळी काठावर असतो तो गावकरी.

मित्रहो, वल्ही परत केलीत, पण विद्या इथे ठेवून जाऊ नका. आपापल्या गावी दहा तरुण गोळा करा. एक मजबूत दोरी आणि चार लाइफ जॅकेट ग्रामपंचायतीत ठेवा, आणि पहिल्या पावसापूर्वी ती दोरी शंभर वेळा फेकून पाहा. एकशे एकाव्या वेळी तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरचा मुलगा असेल.