लेखकाचे स्वातंत्र्य आणि ज्ञातिसभेचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, वधू-वर सूचक मंडळ, लग्नकार्यातील वाढता खर्च, हे ते विषय होत. लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न साहित्यसंमेलनाच्या मांडवात शोभेल, येथे त्याचे काय प्रयोजन, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पुस्तकावर बंदी घालण्याची मागणी अलीकडे सरकारी कचेरीत क्वचितच जन्मास येते. ती पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या सभेच्या ठरावातून निघते आणि मग कचेरीत जाते. आपल्या कार्यकारी मंडळाकडेही एका कादंबरीविरुद्ध असा ठराव करावा अशी सूचना आलेली आहे. त्या कादंबरीचे नाव आम्ही घेत नाही. तिच्या गुणदोषांची चर्चा हा आजचा विषय नव्हे. असा ठराव ज्ञातिसभेने करावा की करू नये, एवढाच प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

बंदीची ओळख महाराष्ट्राला परक्या राज्यकर्त्यांनी करून दिली. नाटकांच्या प्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा 1876 साली झाला, आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी निराळा कायदा 1878 साली झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली; परंतु कीचक म्हणजे कर्झनसाहेब आणि द्रौपदी म्हणजे भारतमाता, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. 1910 साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. त्या काळी लेखकाच्या बाजूने उभे राहणे धोक्याचे असले तरी समजण्यास सोपे होते. बंदी घालणारा परका, लेखक आपला. जेव्हा बंदी मागणारे आपण स्वतःच असतो, तेव्हा खरी कसोटी लागते.

या कसोटीचे एक उदाहरण एकाच घराण्यात दोन पिढ्यांनी पाहिले. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, म्हणून त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गृहस्थाचे पान पंक्तीत मांडावयास लोक तयार नव्हते, त्यांनाच 1958 साली ‘भारतरत्न’ देऊन राष्ट्राने गौरविले. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. संततिनियमन आणि स्त्रीपुरुषसंबंध यांविषयी शास्त्रीय माहिती उघडपणे देणारे ते मासिक सोवळ्या समाजास मानवणे शक्यच नव्हते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरे, हा त्या खटल्याचा विषय होता. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि कर्वे यांना दंड भरावा लागला. पण मासिक त्यांनी बंद केले नाही. 1953 साली त्यांचा देह पडेपर्यंत ते चालू होते.

या प्रसंगातील एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. डॉ. आंबेडकरांपुढे त्या दिवसांत आपल्या समाजाच्या प्रश्नांचा डोंगर उभा होता. कर्वे त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. त्यांच्या बाजूने उभे राहून लोकप्रियता मिळावी, असाही तो काळ नव्हता. तरीसुद्धा ते न्यायालयात उभे राहिले. लेखकाला आधार देणे म्हणजे त्याचे सारे म्हणणे मान्य करणे नव्हे, त्याला बोलता यावे यासाठी त्याच्या शेजारी उभे राहणे होय. एवढा अर्थ या एका प्रसंगातून घेतला तरी पुरे आहे.

आता आम्ही आपणांस तमिळनाडूत नेतो. कारण आपल्यापुढील प्रश्नाला तेथील उदाहरण तंतोतंत लागू पडते. पेरुमाळ मुरुगन हे नामक्कल येथील सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक होते. त्यांची ‘मादोरुबागन’ ही कादंबरी 2010 साली प्रसिद्ध झाली. काली आणि पोन्ना या निपुत्रिक शेतकरी दांपत्याची ती कथा आहे. मूल नाही म्हणून गावाने आणि नातलगांनी त्या दोघांना किती टोचावे, आणि तिरुचेंगोडूच्या अर्धनारीश्वराच्या जत्रेतील एका जुन्या चालीपर्यंत त्यांना कसे ढकलावे, हे तिच्यात सांगितले आहे. चार वर्षे पुस्तक वाचले जात होते. कोणाचे काही बिघडले नव्हते. 2014 सालच्या अखेरीस मात्र आपल्या ज्ञातीची, आपल्या स्त्रियांची आणि आपल्या देवस्थानाची बदनामी झाली, असा ओरडा तेथील ज्ञातिसंघटनांनी व धार्मिक गटांनी सुरू केला. पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. गावात बंद पाळण्यात आला. लेखक त्याच प्रदेशात वाढलेला, त्याच मातीतला होता. तो परका कोणीही नव्हता.

12 जानेवारी 2015 रोजी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी शांततेसाठी म्हणून बैठक बोलाविली, आणि त्या बैठकीत लेखकाकडून बिनशर्त माफी लिहून घेतली. सरकारने पुस्तकावर बंदी घातली नव्हती. कोणत्याही न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले नव्हते. केवळ जमावाचा धाक आणि अधिकाऱ्यांची शांततेची घाई यांनी मिळून ते काम केले. त्यानंतर मुरुगन यांनी फेसबुकवर जाहीर केले की आपल्यातला लेखक मेला आहे, यापुढे आपण केवळ शिक्षक म्हणून जगू. आपली सारी पुस्तके त्यांनी मागे घेतली आणि न विकलेल्या प्रतींची भरपाई देण्याचीही तयारी दर्शविली. बंधुभगिनींनो, जिवंत माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचे सुतक जाहीर करावे, यापरते एखाद्या समाजाला दूषण कोणते?

पण ही कथा तेथे संपत नाही. तमिळनाडूतील पुरोगामी लेखक-कलावंतांच्या संघटनेने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. 5 जुलै 2016 रोजी निकाल लागला. त्या बैठकीतील समझोता लेखकावर बंधनकारक नाही, आणि लेखकास संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरविले. ज्याला पुस्तक आवडत नसेल त्याने ते वाचू नये, आणि लेखकाने पुन्हा लिहिते व्हावे, हा त्या निकालाचा आशय होता. मुरुगन पुन्हा लिहू लागले. मौनाच्या काळात लिहिलेल्या कवितांचा संग्रह त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्यांना गप्प करणारी ज्ञातिसंघटना होती, तशी त्यांना बोलते करणारीही संघटनाच होती. आपली सभा यांपैकी कोणत्या जातीची व्हावी, हे आपण ठरवावयाचे आहे.

हे दूर दक्षिणेत घडले, महाराष्ट्रात घडणार नाही, असे कोणी समाधान मानू नये. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी मंडळींनी आक्षेप घेतले. निर्वाचित साहित्यसंमेलनाध्यक्षाला पुस्तक मागे घ्यावे लागले, अध्यक्षपदही सोडावे लागले, आणि 2009 सालचे महाबळेश्वरचे संमेलन अध्यक्षाविना पार पडले. संतांविषयीची वारकऱ्यांची भक्ती आम्हांलाही पूज्य आहे. परंतु ज्या व्यासपीठावर लेखकाने आपली बाजू मांडावयाची आणि आक्षेपकांनी तिला उत्तर द्यावयाचे, ते व्यासपीठच रिकामे राहिले. त्यामुळे लाभ कोणाचा झाला, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

यावर आपण विचाराल, ‘मग ज्ञातीची निंदा मुकाट्याने सोसावयाची काय?’ प्रश्न रास्त आहे. मन दुखावते, हे खरे आहे. ते दुखणे आम्ही खोटे म्हणत नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांविषयी कोणी वेडेवाकडे लिहिले तर संताप यावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि कादंबरीतील एक पात्र म्हणजे साऱ्या ज्ञातीची खानेसुमारी नव्हे. कोणा व्यक्तीची खोटी बदनामी झाली असेल तर न्यायालयाचा मार्ग खुला आहे. घटनेच्या 19व्या कलमाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, तसेच त्यास वाजवी मर्यादाही घातल्या आहेत. त्या मर्यादा न्यायाधीशाने ठरवावयाच्या असतात, रस्त्यावरील जमावाने नव्हे. लेखनातील चूक दाखवावयाची असेल तर लेखणी आपल्याही हाती आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली रंगभूमीवर आले, तेव्हा नाना फडणीस आणि पुण्याचा ब्राह्मणवर्ग यांची बदनामी होते म्हणून मोठे वादळ उठले, आणि प्रयोग बंद पडले. पुढे दुसऱ्या संस्थेने ते पुन्हा उभे केले. 1980 साली ते युरोपातही गेले. नाना फडणीसांचे इतिहासातील स्थान त्यामुळे तसूभरही ढळले नाही. ज्याची प्रतिष्ठा एका नाटकाने ढासळते, ती प्रतिष्ठा मुळातच डळमळीत असली पाहिजे.

आणखी एक विचार. ज्ञातींनी वाळीत टाकण्याचे शस्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरले, आणि ते बहुधा आपल्याच शहाण्या माणसांवर वापरले. महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो याच कटू अनुभवातून. पंक्तीतून उठविणे आज गुन्हा आहे; मग लेखकाला ग्रंथालयातून, व्यासपीठावरून आणि अखेर त्याच्याच लेखणीपासून उठविणे हे सत्कृत्य कसे ठरेल? आज ज्याच्या पुस्तकाविरुद्ध आपण हात वर करू, त्याचीच तसबीर आपली नातवंडे याच सभागृहात लावतील, असा संभव कर्वे पितापुत्रांचे चरित्र वाचणाऱ्यास तरी अशक्य वाटणार नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, कोणत्याही पुस्तकावर वा नाटकावर बंदी मागणारा ठराव या सभेने करू नये, आणि आलेली सूचना नम्रपणे परत करावी. दुसरी, ज्यांना त्या कादंबरीविषयी आक्षेप आहेत त्यांनी ती आधी समग्र वाचावी, आणि मग आपले उत्तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत लिहावे. लेखकाची इच्छा असल्यास त्यालाही तितकीच पाने द्यावीत. तिसरी, शिष्यवृत्ती निधीच्या शेजारी एक लहानसा निधी असावा. लिहिल्याबद्दल कोणावर खटला वा दडपण आले, तर वकिलाच्या खर्चाला त्यातून हातभार लावावा. लेखक आपल्या ज्ञातीचा आहे की नाही, हे न विचारता लावावा. 1934 साली डॉ. आंबेडकरांनी ते विचारले नव्हते.

आपल्या वसतिगृहातील मुलामुलींपैकी उद्या कोणी लेखक होईल. तो बहुधा आपल्याविषयीच लिहील, कारण त्याने जवळून पाहिलेले असे आपणच आहोत. त्यातील सारेच आपल्याला गोड लागेल असे नाही. त्या दिवशी त्याच्या घरावर मोर्चा न नेता त्याचे पुस्तक विकत घेण्याचे बळ या सभेच्या अंगी यावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.