वाचनालयातील बाईंची तक्रार



संघटनेचा माणूस उभा राहिला की तो पगाराचे बोलणार, अशी आपली समजूत. एरवी ती खरीही असते. आज मात्र आम्ही जे बोलावयाचे टाळीत आलो, तेच बोलणार आहोत.

अंथुर्ण्यासारख्या गावचे वाचनालय डोळ्यांपुढे आणा. एक खोली, चार कपाटे, वर्तमानपत्रांचे टेबल. कामाला फार तर दोन माणसे. संध्याकाळी कुलूप लावावयाचे ते ग्रंथपाल बाईंनीच. एखादा वर्गणीदार रोज पुस्तक बदलावयास येतो, देताना हाताला हात लावतो, नको ते बोलतो. बाईंनी खडसवावे, तर तो कार्यवाहांचा स्नेही. कधी खुद्द कार्यवाहच!

अशाच एक बाई काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही काय सांगितले? "बाई, अनुदानाचा हप्ता यावयाचा आहे, आत्ता बोभाटा नको." हप्ता आला, त्याआधीच बाईंनी काम सोडले होते. त्यांच्या वर्गणीची शेवटची पावती आमच्या पावतीपुस्तकात अजून आहे.

राजस्थानात भंवरीदेवींनी बालविवाह अडवू पाहिला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातूनच पुढे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा 'विशाखा' निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी, असे तो सांगतो. हे ऐकून कार्यवाह म्हणतात, "आमच्याकडे दहा कोठले? कायदा आम्हांस नाही." साफ चूक! दहांहून कमी माणसे असली, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमावयाचा असतो. त्याने तक्रार सात दिवसांत पुढे धाडावयाची. म्हणजे बाईंनी पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही, इंदापूर पुरे. अर्ज तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावा. लिहिणे जमत नसेल तर मदत करणे समितीचे काम. तक्रारदार बाईंचे नाव फोडणाऱ्यास दंड आहे. मानधनावरच्या, बिनपगारी बाईंनाही हे संरक्षण आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीलाही आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांपासून बाईंना जपणे, हेही मालकाचेच कर्तव्य.

लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम सांगणारा फलक दर्शनी लावावा, असे कायदाच म्हणतो. आपल्या गावच्या वाचनालयात तो आहे का, उद्या पाहून या. नसेल तर कार्यवाहांना विचारा, आणि त्यावर तालुक्याच्या अधिकाऱ्याचे नाव लिहवून घ्या. रंगाचा खर्च संघटना देईल. मात्र फलक कपाटामागे नको, वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर हवा.