आमचं नाव कचरू
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला विषय दिला 'आपले नाव'. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काही, ते वाचनालयात आणि गिरणीच्या गेटवर. तेव्हा पंडितासारखं बोलता येणार नाही. वाचलं आणि भोगलं तेवढं सांगतो.

आमचं नाव कचरू. पोरं हसताहेत, हसू द्या. पन्नास वर्षं ऐकतो आहोत ते हसू. आमच्या आधी आईला दोन मुलगे झाले, दोन्ही वर्षाच्या आत गेले. तिसऱ्या खेपेला आजीने बाळाला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि परत उचलून आणलं. कचऱ्यातून उचलला म्हणून कचरू. मरणाला वाटावं, हे पोर कोणाच्याच कामाचं नाही. गावातले दगडू, केरू, भिकू कितीतरी याच हिशोबातले. धर्मांतराला तेव्हा बारा वर्षं झाली होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. पण दोन नातू पुरलेल्या म्हातारीची भीती फोटोने कशी जावी? ती अंधश्रद्धाच, तिचे समर्थन आम्ही करीत नाही. पण त्या नावात तिरस्कार नव्हता, एवढे नमूद करून ठेवतो.

तिरस्कार कुठे होता ते मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे निंदा दाखवणारे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ जाळला, त्यात हेही होते. आजीने मनू ऐकलाही नव्हता, तरी तिच्या मायेचं नाव आणि मनूच्या कायद्याचं नाव एकच निघालं. आता गंमत पाहा. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. दगडधोंड्यातलाच धोंडा तो. त्या नावाला सारा महाराष्ट्र हात जोडतो. आमच्या वस्तीतल्या धोंडूला मात्र "ए धोंड्या, इकडं ये" अशीच हाक. मग खोट नावात होती की हाक मारणाऱ्याच्या जिभेत?

१९८८ साली आम्ही गिरणीत बदलीवर लागलो. संपानंतरचे दिवस, काम मिळालं हेच नवल. हजेरी घेणारा "कचरा आला का रे?" असं विचारायचा आणि खातं हसायचं. वर्षभर सोसलं. मग पक्कं कार्ड होताना आम्ही कारकुनाला हळूच सांगितलं, नाव किशोर लिहा. त्यानं लिहिलं. त्या दिवशी फार मोठा विजय मिळवला असं वाटलं होतं!

पुढे गिरणी बंद पडली आणि फंड काढायला गेलो. शाळेच्या दाखल्यावर कचरू, रेशनकार्डावर कचरू, मस्टरवर किशोर. साहेब म्हणाले, हा किशोर कोण? मग स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की कचरू आणि किशोर हे दोघे एकच इसम आहेत. वकिलानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. खाली सही करताना आमचा हात थांबला. कोणती करू? तो बिचारा पोरगेला वकील, म्हणाला, "काका, जी खरी आहे ती करा." आम्ही कचरू लिहिलं. वीस वर्षांत प्रथमच लिहिलं, अक्षर वाकडं आलं.

बंधूंनो, साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. नोंद आहे 'भिवा'. आपल्या आज्या-पणज्या हाक मारायच्या तसलं खेड्यातलं नाव. आडनाव आंबेडकर, ते आंबडवे गावावरून, घराणं सकपाळांचं. तो भिवा पुढे काय झाला हे या विहारात सांगायची गरज नाही.

१९५६ नंतर आपण पोरांची नावं बदलली ती उगाच नव्हे. सिद्धार्थ, ज्याचा हेतू पूर्ण झाला तो. सुजाता, खीर देणारी. आणि शब्दाचा अर्थ चांगल्या कुळात जन्मलेली. जिच्या आईला हीन कुळाची म्हणून पाणवठ्यावरून हाकलले, तिने लेकीचे नाव सुजाता ठेवले. याला हिंमत लागते. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजकुमारांनी त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, कारण मग त्याच्यापुढे वाकावं लागेल आणि कुळाचा ताठा जिरेल. बारशाला नाव ठेवता तेव्हा एवढं पोराला सांगत जा. नुसतं गोड वाटतं म्हणून ठेवू नका.

परवा एका तरुणाने आम्हाला अडवले. मिलिंद राजाला भन्ते नागसेनांनी सांगितलंच आहे की नाव ही नुसती ओळखीची खूण. रथाचं चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. मग नावाचं एवढं काय? प्रश्न चांगला आहे. आमचं उत्तर असं, की खूण खरी, पण ती कोणी डकवायची? नागसेनही आपलं नाव विचारल्यावर लपवत नाहीत, आधी नाव सांगतात, मग रथाची गोष्ट. आणि खुणेला किंमत नसती तर विद्यापीठाच्या नावासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपली माणसं का झुंजली असती? पोचीराम कांबळे यांना त्यात जिवंत जाळलं. पोचीराम. नाव जुन्याच वळणाचं. बाबासाहेबांच्या नावासाठी मेलेल्या माणसाचं हे नाव लाजेचं कसं होईल?

आणखी एक, भगिनींसाठी. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची रीत अजून काही घरांत चालते. आमच्याही घरात चालली. आमच्या बायकोला माहेरच्या नावाने शेवटची हाक तिच्या वडिलांनी मारली, ते वारले. आम्ही तेव्हा बोललो नाही, ही आमची चूक. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नावात आईचं नावही येतं. त्या कॉलमात तिचं खरं नाव लिहा.

गेल्या महिन्यात थोरल्याचं लग्न ठरलं. पत्रिका छापायची होती. तो म्हणाला, "बाबा, तुमचं नाव नुसतं 'के.' छापू? नाहीतर किशोर, फंडात तेच आहे ना." ऑफिसात पत्रिका वाटायच्या, त्याची अडचण आम्हाला कळली. रागावलो नाही. सूप, उकिरडा, दोन भाऊ, सगळं त्या रात्री सांगितलं. इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं. तो काही बोलला नाही. सकाळी प्रूफ घेऊन आला. त्यात पूर्ण नाव होतं, आणि शेजारी आईचं माहेरचं. सून आपलं नाव बदलणार नाही, तेही ठरलं.

पत्रिका विहाराच्या फळ्यावर लावली आहे. सर्वांनी यायचं आहे. जयभीम, नमो बुद्धाय.