लादी उचलण्याआधी

लादी म्हटलं की आपल्याला आठवतं ते पुसणं. मी मात्र लाद्या जमवतो. सोमवार ते शुक्रवार कोड, शनिवारी जुन्या सामानाची दुकानं. सध्या घरात तेवीस आहेत. आई म्हणते, "अरे, एवढ्यात मोरीसुद्धा होणार नाही!"

मुद्दा बरोबर आहे. पण ही लादी कशी बनते ते ऐका. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युअल राइटने एक पेटंट घेतलं. पुढे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ते काम मोठं केलं. मऊ मातीच्या लादीवर साच्याने नक्षीचा खळगा पाडायचा, त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, वाळली की वरचं जास्तीचं खरवडायचं आणि मग भट्टी. म्हणजे नक्षी वरून रंगवलेली नाही, आत भरलेली आहे. म्हणून वर्षानुवर्षं बूट घासले तरी फूल पुसलं जात नाही. याला एन्कॉस्टिक म्हणतात. लंडनच्या संसद भवनात मिंटनच्याच लाद्या आहेत, डिझाइन प्यूजिनचं.

आणि आपल्याकडे? कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जा, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये जा आणि एकदा खाली बघा. तिथेही मिंटन.

आता ओळखायचं कसं? उलटी करा. मागे बऱ्याचदा कंपनीचं नाव ठसलेलं असतं: मिंटन हॉलिन्स, मॉ. कडेचा टवका उडाला असेल तर रंग काही मिलिमीटर खोल गेलेला दिसतो. आपल्या जुन्या घरांतली नक्षीची लादी मात्र बहुतेक वेळा सिमेंटची असते. ती जाड, जड, प्रेसमध्ये दाबलेली, भट्टीत न भाजलेली. मुंबईत भारत फ्लोअरिंग्जने १९२२ पासून अशाच बनवल्या. दुकानदार दोन्हींना एन्कॉस्टिक म्हणतात, आणि भाव मिंटनचा सांगतात! ॲसिडने धुऊ नका. सिमेंटची लादी तर ते खाऊनच टाकतं. पाण्यात भिजवा, लाकडी पट्टीने चुना हळूहळू काढा.

आता खरी गोष्ट. मागे एका विक्रेत्याचा फोन आला. "साहेब, चाळीस पीस आहेत, एकदम अख्खे." म्हटलं, फोटो पाठवा. फोटोत लाद्या जमिनीतच होत्या. वर कुणाच्या तरी चपला. "तुम्ही हो म्हणा, उद्या काढून देतो."

चाळीस! माझा हात अक्षरशः यूपीआयवर होता. पण मी नाही म्हटलं. कारण पैसे मी दिले की ती जमीन फुटण्याचं कारण मीच. शिवाय उचलताना किती तुटल्या असत्या कोण जाणे. आणि सुटी लादी म्हणजे एक अक्षर. वाक्य जमिनीवरच असतं.

मित्र म्हणाला, "इमारत पडणारच असेल तर डेब्रिसमध्येच जाणार ना?" खरंय. म्हणून माझे तीन नियम आहेत. इमारत खरंच पडतेय का, ते तिथे जाऊन बघायचं. मालक किंवा सोसायटीची लेखी परवानगी घ्यायची. आणि पहिली लादी हलण्याआधी अख्ख्या जमिनीचे फोटो काढायचे, वरून, मापासकट. हे जमत नसेल तर लादी घ्यायची नाही.

तुमच्या आजोळी, जुन्या वाड्यात, चाळीच्या जिन्यात अशी नक्षी असेल तर रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगआधी फोटो काढून ठेवा. फोन खिशातच आहे. भेटू पुढच्या एपिसोडला!