मोबाइलला न दिसलेलं गिऱ्हाईक

2021 साली मोहफुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध उठले, तेव्हापासून आमच्या गटाच्या दुकानात मोहाचे लाडू असतात. मागच्या उन्हाळ्यात मोबाइलच्या हिशेबात महिन्याला चारच पाकिटं विकलेली दिसली. लाडू बंदच करू, असं आम्ही ठरवत होतो. पण गल्ल्यावर बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाया पाकीट उचलतात, किंमत बघतात अन् ठेवून देतात." ठेवून दिलेल्या पाकिटाचं बिलच होत नाही, मग मोबाइलला कसं कळावं? आम्ही दोन-दोन लाडवांच्या पुड्या बांधल्या. तेंदूपत्त्याचे पैसे आले त्या आठवड्यात डबा रिकामा! बिस्किटं मात्र निम्मी उधारीवर जातात, हे मोबाइलनेच दाखवलं. आम्हाला नुसता खप दिसत होता. आता बैठकीत आधी मावशी बोलतात, मग मोबाइल उघडतो.