कुत्र्याच्या पिल्लाचा आहार : नुसते मांस म्हणजे पूर्ण खुराक नव्हे

(शेळीपालन प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणावरून)



शेळ्यांच्या प्रशिक्षणात कुत्र्याचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या वस्तीवर कुत्रे आहे, असे मी मघाशी विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांचे हात वर झाले. रात्री शेळ्यांची राखण तेच करते. गायीच्या वासराचा खुराक आपण विचारपूर्वक ठरवतो. कुत्र्याच्या पिल्लाचा मात्र ठरवत नाही. उरलेसुरले टाकले की झाले, अशी आपली रीत. अलीकडे त्यात दुसऱ्या टोकाची भर पडली आहे. कुत्रा मांसाहारी प्राणी, म्हणून त्याला फक्त कच्चे मांस घालावे, असे पुष्कळ जण सांगू लागले आहेत. या दोन्ही टोकांमुळे पिल्लाचे नुकसान होते आणि दुसऱ्या टोकामुळे आपल्या घराचे व गोठ्याचेही होऊ शकते.

एक उदाहरण सांगतो. चार महिन्यांचे कारवानी जातीचे पिल्लू घेऊन एक शेतकरी आमच्याकडे आले होते. पिल्लू हौसेने आणलेले, अंगाने भरलेले, केस चमकदार. पण पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. ओट्यावरून उडी मारली एवढ्याच कारणाने मागच्या पायाचे हाड मोडले होते. मालक म्हणाले, "डॉक्टर, खाण्यात काही कमी केलं नाही हो. दोन महिने रोज चिकनच घालतोय, हाडं काढून." दोष नेमका तिथेच होता.

पाय का वाकतात?

शंभर ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम असतो, तर कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकास वीस असे प्रमाण झाले. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्तच लागते. फॉस्फरस एक भाग असेल तर कॅल्शियम साधारण सव्वा भाग असावे. सहा किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाला सुमारे अडीच ग्रॅम कॅल्शियम लागते. ते नुसत्या मांसातून मिळवायचे तर त्याला रोज २५ किलो मांस खावे लागेल!

रक्तातील कॅल्शियम कमी पडले तर शरीर थांबत नाही. गळ्यातील एक लहान ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. हाडे आतून पोकळ व मऊ होतात, पाय वाकतात आणि साध्या उडीनेही मोडतात. आपण याला सरसकट मुडदूस म्हणतो आणि पिल्लाला उन्हात बांधतो. परंतु माणसाच्या कातडीत उन्हामुळे जसे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, तसे कुत्र्याच्या कातडीत पुरेसे होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते.

रानातला लांडगा मांसावरच जगतो ना, असा प्रश्न येईल. तो नुसते मांस खात नाही. ससा मारला की मांसाबरोबर हाडे, काळीज, आतडी, रक्त असे सर्व खातो. हाडांतून कॅल्शियम मिळते, काळजातून जीवनसत्त्वे मिळतात. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये पुस्तक लिहून कच्च्या आहाराचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांचा भरही मांसल कच्च्या हाडांवर होता. आपल्याकडे येताना हाडे गळाली आणि नुसते मांस उरले.

भाकरी-दुधाचे काय?

नुसत्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीत प्रथिने कमी पडतात. शिवाय धान्यातील फायटेट कॅल्शियम व जस्त बांधून ठेवते, त्यामुळे ते अंगी लागत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिने सुमारे ८ टक्के व स्निग्धांश ९ टक्के असतो. गायीच्या दुधात ही दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास असतात आणि दुधातील साखर मात्र जास्त असते. म्हणून आईपासून तोडलेल्या पिल्लाला भरपूर गायीचे दूध पाजले की ते हगवणीला लागते. त्यापेक्षा थोडे दही सोसते.

कच्च्या मांसाचा धोका

आता कच्चे की शिजवलेले, हा प्रश्न. आपल्यासारख्या शेळ्या-मेंढ्या, गुरे आणि लहान मुले असलेल्या घरी माझे उत्तर स्पष्ट आहे : शिजवून घाला. याची कारणे अशी :

१) शेळी-मेंढी कापली की काळीज किंवा फुप्फुसावर कधी कधी पाण्याने भरलेले फोड दिसतात. तो भाग खराब म्हणून आपण कुत्र्यापुढे टाकतो. जत्रेत, लग्नकार्यात हे सर्रास चालते. हे फोड म्हणजे हायडॅटिड रोगाच्या गाठी. त्या खाल्ल्यावर कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे पट्टकृमी तयार होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. ही अंडी चाऱ्यावाटे शेळ्यांच्या पोटात जातात. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी मुलांच्या हातावाटे तोंडात जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्रे मात्र वरून ठणठणीत दिसते.

२) मेंढीचे कच्चे डोके कुत्र्याने खाल्ले तर मेंदूतील गाठींतून दुसऱ्या जातीचे पट्टकृमी होतात. त्यांची अंडी चाऱ्यातून मेंढ्यांच्या पोटात गेली की मेंदूत गाठी होऊन मेंढ्या एकाच दिशेला गरगर फिरू लागतात.

३) गाय व्याल्यावर पडलेली वार कुत्रे ओढून नेते. वार किंवा गुरांचे कच्चे मांस खाल्लेल्या कुत्र्याकडून निओस्पोरा नावाच्या परजीवीचा प्रसार होतो आणि गोठ्यात गायी गाभडतात. वार खोल पुरावी.

४) कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. पिल्लाला काही झाले नाही तरी त्याचे भांडे धुणाऱ्या माणसाला जुलाब होऊ शकतात. बर्ड फ्ल्यूचा धोकाही आता विसरता येणार नाही. नागपूरजवळील एका वन्यप्राणी केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या या रोगाने दगावले. लागण कोंबडीच्या मांसातून झाली असावी, असा संशय होता. म्हणून आपोआप मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे कधीही टाकू नये.

अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २०१२ पासून कुत्र्या-मांजरांना कच्चे प्राणिजन्य अन्न घालू नये, अशी भूमिका घेतली आहे.

तरीही ज्यांना कच्चेच घालायचे असेल, त्यांनी किमान एवढे पाळावे. माणसाच्या खाण्यासाठी तपासलेले ताजे मांसच घ्यावे. काळीज, फुप्फुस व डोके कच्चे कधीही घालू नये. कोंबडीची मान घालायची तर हाडासह बारीक दळून घालावी. मोजमाप पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. मांस उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवले तर गाठी मरतात, पण जिवाणू मरत नाहीत. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होईलच असेही नाही. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर हा मार्ग धरूच नये.

एका दिवसाचा खुराक

मोठेपणी २०-२५ किलो वजन होणारे, तीन महिन्यांचे, सहा किलोचे पिल्लू धरू. त्याचा दिवसाचा खुराक असा :

कोंबडीचे मांस, त्वचेसह, हाडाविना – ३०० ग्रॅम
काळीज – २५ ग्रॅम
अंडे – १
तांदूळ (कोरडा) – ५० ग्रॅम
भोपळा किंवा गाजर – ५० ग्रॅम
गोडेतेल – १ लहान चमचा
डायकॅल्शियम फॉस्फेट – ६ ग्रॅम
अंड्याच्या कवचाची पूड – अडीच ग्रॅम
कुत्र्यांसाठीचे जीवनसत्त्व-क्षार पूरक – वेष्टनावर वजनानुसार दिलेल्या मात्रेत

सर्व मांस नीट शिजवावे आणि शिजवलेले पाणी टाकून न देता भातातच मुरवावे. अंडे उकडून घालावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व वाया जाते. काळीज पौष्टिक म्हणून जास्त घालू नये. त्यात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्याचा अतिरेकही हाडांना बाधतो. गाठी असलेले काळीज शिजवूनही घालू नये. ते जाळावे किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरावे.

कवचाची पूड घरी करता येते. कवचे धुवून दहा मिनिटे उकळावीत, वाळवावीत आणि मिक्सरमधून पिठासारखी बारीक करावीत. परंतु नुसत्या कवचाने भागत नाही. त्यातून कॅल्शियमच मिळते. वाढत्या पिल्लाला फॉस्फरसही मांसात असतो त्याहून अधिक लागतो, म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेटची जोड दिली आहे. ते पशुखाद्य प्रतीचेच घ्यावे. खताच्या प्रतीचे कधीही वापरू नये, त्यात फ्लोरीन जास्त असते. ही दोन्ही मापे अंदाजाने न टाकता लहान वजनकाट्यावर मोजावीत. पूरकाच्या वेष्टनावर कॅल्शियम किती आहे ते पशुवैद्यकाला दाखवावे. त्यात ते भरपूर असेल तर ही मापे कमी करावी लागतात. गायीचे क्षारमिश्रण पिल्लासाठी वापरू नये.

जास्त कॅल्शियम घातले तर हाडे जास्त मजबूत होतील, हाही गैरसमज आहे. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम अडवता येत नाही. ते शोषले जाते आणि मोठ्या जातींत सांधे व हाडे बिघडतात. वाढीच्या वयाचे संपूर्ण असे तयार खाद्य घालत असाल तर वरून कॅल्शियमचे औषध पाजू नका.

वेळा व वाढ

पिल्लाचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात. तीन-चार आठवड्यांचे झाल्यावर आईच्या दुधाबरोबर मऊ, पातळ अन्न चाटवायला सुरुवात करावी. सात-आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला द्यावे. खुराक बदलायचा झाल्यास सात-आठ दिवसांत हळूहळू बदलावा. दर आठवड्याला वजन करावे. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत. त्यानुसार खुराक कमी-जास्त करताना सर्व घटक त्याच प्रमाणात बदलावेत. गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू, असे समजू नये.

हे कटाक्षाने टाळा

कांदा-लसणाचा रस्सा पिल्लाला घालू नये. कांद्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. नाशिक-सांगलीकडील बागायतदारांनी विशेष लक्षात ठेवावे की द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घात करू शकतात. त्यातील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. बेदाणा शेडमध्ये पिल्लू मोकळे सोडू नये. शिजवलेली हाडे सुरीसारखी फुटतात आणि आतडी फाडतात, म्हणून रस्श्यातील हाडे टाकू नयेत.

जंतनाशक व लस

खुराक चांगला आणि पोटात जंत, तर उपयोग शून्य. दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनंतर दरमहा, असे सहा महिन्यांपर्यंत जंतनाशक द्यावे. साधे जंतनाशक हायडॅटिडच्या पट्टकृमीवर चालत नाही. त्यासाठी प्रॅझिक्वांटेल लागते. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपातील कुत्र्यांना ते साधारण दर दीड महिन्याने द्यावे लागते. मात्रा पशुवैद्यकाकडून घ्यावी. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस चुकवू नये. पिल्लाला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावावे.

शेवटी, त्या कारवानी पिल्लाचे काय झाले ते सांगतो. मोडलेला पाय बांधला. सहा आठवडे ते लहान जागेत ठेवले आणि आज सांगितला तसा खुराक सुरू केला. दुसरे मोठे औषध काही लागले नाही. हाड जुळले. आज ते कुत्रे शेळ्यांमागे धावते, पण पुढचा एक पाय थोडा वाकडाच राहिला. वाढीच्या वयात गेलेले दिवस परत आणता येत नाहीत. ते शेतकरी भेटले की म्हणतात, "पैसा कमी घातला नव्हता, डॉक्टर. माहिती कमी पडली."

आपल्या पिल्लाच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा विषय मांडला. वजनकाटा, अंड्याची कवचे आणि चुलीवरचे एक पातेले, एवढ्यावर बरेचसे काम होते. घरी गेल्यावर आज एवढे करा : पिल्लापुढे काय पडते ते चार दिवस वहीत लिहा आणि ती वही घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.